मृत्यूचे कारण आणि त्याची नोंद : शंभर टक्क्यांच्या पलीकडे

पंचायतीतून किंवा नगरपालिकेतून मृत्यूचा दाखला हाती पडला, की नाव, तारीख, ठिकाण आणि पत्ता बरोबर आहे ना, हे घरची माणसे काळजीपूर्वक तपासतात. बँकेतील खाते, विम्याची रक्कम, वारसाहक्क असे सारे व्यवहार त्या कागदावर अवलंबून असतात. माणूस कशाने गेला, हे मात्र त्या दाखल्यावर कोठेच लिहिलेले नसते. ही कारकुनाची चूक नसते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १७ नुसार मृत्यूच्या नोंदीचा उतारा देताना त्यात मृत्यूचे कारण उघड करण्यास मनाई आहे.

कारण लिहिलेले असते ते दुसऱ्या कागदावर. इस्पितळात मृत्यू झाला तर डॉक्टर नमुना क्रमांक ४ भरतो, घरी झाला तर ४-अ. हा कागद मृत्यूच्या खबरीसोबत निबंधकाकडे जातो, तेथून राज्याच्या मुख्य निबंधकाकडे. गोव्यात ही जबाबदारी नियोजन, सांख्यिकी आणि मूल्यमापन संचालनालयाकडे आहे. डॉक्टरने लिहिलेल्या मजकुराला तेथे आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातील एक संकेतांक दिला जातो, आणि भारताच्या महानिबंधकांकडून प्रसिद्ध होणाऱ्या मृत्युकारणांच्या वार्षिक अहवालात त्या माणसाचे मरण एका आकड्यात मिळून जाते. कोणत्या रोगाने किती माणसे दगावतात, कोणत्या वयात, स्त्रिया किती, पुरुष किती, याचा देशाकडे असलेला सर्वांत थेट पुरावा हाच.

या अहवालात गोव्याचे स्थान मानाचे आहे. २०२० च्या अहवालानुसार गोव्यात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी शंभर टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले होते. त्याच वर्षी देशाचे प्रमाण होते सुमारे २२.५ टक्के. बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड यांसारख्या मोठ्या राज्यांत तर ते एक आकडीच राहत आले आहे. नागरी नोंदणीची पोर्तुगीज काळापासूनची सवय, लहान अंतरे आणि गावोगावी उपलब्ध असलेले डॉक्टर यांचा गोव्याच्या या आकड्यामागे निश्चितच वाटा आहे. परंतु या शंभर टक्क्यांचा अर्थ नेमका समजून घ्यावा लागतो. प्रत्येक मृत्यूच्या कागदावर डॉक्टरची सही आहे, एवढेच तो आकडा सांगतो. सहीच्या वर जे लिहिले आहे ते खरे, पुरेसे आणि उपयोगाचे आहे की नाही, याविषयी तो काहीही सांगत नाही.

देशाचा तक्ता किती पुरा?

भारतातील मृत्युकारणांच्या आकडेवारीत तीन गळत्या आहेत. पहिली, मृत्यूची नोंदच न होण्याची. ती बरीच बुजत आली आहे. दुसरी गळती मोठी आहे. नोंद झाली, पण कारण कोणा डॉक्टरने लिहिलेच नाही. २०२१ मध्ये देशात सुमारे १ कोटी २ लाख मृत्यूंची नोंद झाली आणि त्यांपैकी वैद्यकीय प्रमाणन झालेले मृत्यू होते सुमारे २४ लाख, म्हणजे २३.४ टक्के. चार मृत्यूंमागे तीन मृत्यूंचे कारण अधिकृतपणे कोणालाच ठाऊक नाही. ज्यांचे ठाऊक आहे, ते बहुतांशी इस्पितळांत, त्यातही शहरांतील इस्पितळांत झालेले मृत्यू आहेत. अनेक राज्यांनी वर्षानुवर्षे ही योजना ठरावीक इस्पितळांपुरतीच लागू ठेवली. त्यामुळे या अहवालातील टक्केवारी ही देशाच्या मृत्यूंची टक्केवारी मानता येत नाही. इस्पितळापर्यंत पोहोचून मेलेल्यांची ती टक्केवारी आहे. शेतमजूर, आदिवासी, घरीच प्राण सोडणारे वृद्ध आणि दूरच्या पाड्यांवरील स्त्रिया तिच्यात फार थोड्या दिसतात.

तिसरी गळती सर्वांत कमी चर्चिली जाते, आणि गोव्याचा संबंध मुख्यतः तिच्याशीच आहे. कारण लिहिले गेले, पण ते कारणच नव्हते.

एका फॉर्मची चार ओळींची गोष्ट

मृत्यूचे कारण म्हणजे काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार आकडेवारीसाठी महत्त्वाचे असते ते ‘मूळ कारण’. ज्या रोगापासून किंवा इजेपासून मृत्यूपर्यंत नेणाऱ्या घडामोडींची साखळी सुरू झाली, तो रोग किंवा ती इजा. अपघात वा हिंसा असेल, तर ती इजा ज्या परिस्थितीत झाली ती परिस्थिती. शेवटच्या क्षणी शरीरात काय घडले, याला आकडेवारीच्या दृष्टीने फारसे मोल नाही, कारण शेवटच्या क्षणी सर्वांचेच हृदय थांबते.

यासाठीच नमुना ४ मध्ये कारणाचा भाग दोन हिश्श्यांत मांडलेला आहे. पहिल्या हिश्श्यात अ, ब, क अशा ओळी असतात. ‘अ’ समोर मृत्यूला थेट कारण ठरलेली तात्कालिक अवस्था लिहायची, ‘ब’ समोर ती कशामुळे उद्भवली ते, ‘क’ समोर त्याच्याही मागचे कारण. म्हणजे फॉर्म वरून खाली भरत जाताना लिहिणारा काळात मागे मागे जातो, आणि सर्वांत खालच्या ओळीवर मूळ कारण येते. प्रत्येक ओळीसमोर त्या अवस्थेची सुरुवात आणि मृत्यू यांतील कालावधी लिहायचा असतो. साखळीत थेट न बसणारे, पण मृत्यूला हातभार लावणारे इतर आजार दुसऱ्या हिश्श्यात जातात. त्याखाली मृत्यूचा प्रकार विचारलेला असतो, नैसर्गिक, अपघाती, आत्महत्या, मनुष्यवध की चौकशी प्रलंबित. आणि मृत व्यक्ती स्त्री असल्यास मृत्यूचा गरोदरपणाशी संबंध होता का, हेही.

समजा, सत्तरी तालुक्यातील एक अडुसष्ट वर्षांचा बागायतदार अठरा वर्षे मधुमेही होता. पायाला काटा लागला, जखम चिघळली, तीन आठवड्यांत गँगरीन झाले, जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि दोन दिवसांत तो गेला. फॉर्म नीट भरला तर ‘अ’ समोर येईल जंतुसंसर्गामुळे झालेला सेप्टिक शॉक, दोन दिवस. ‘ब’ समोर पायाचे गँगरीन, तीन आठवडे. ‘क’ समोर टाइप २ मधुमेह, अठरा वर्षे. रक्तदाब असल्यास तो दुसऱ्या हिश्श्यात. संकेतांक देणारा कर्मचारी या नोंदीवरून हा मृत्यू मधुमेहाच्या गटात, ई ११ या संकेतांकाखाली नोंदवील.

आता तोच फॉर्म ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ एवढेच लिहून दिला, तर काय होते? हृदय आणि श्वास थांबला, हे विधान खोटे नाही. मृत्यूची ती जवळजवळ व्याख्याच आहे. त्यामुळे त्यातून काहीही कळत नाही. मधुमेहाचा एक मृत्यू मधुमेहाच्या रकान्यातून नाहीसा होतो आणि हृदयविकाराच्या प्रकरणात, आय ४६ या संकेतांकाखाली, एक निरर्थक भर पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेत मरणाची अशी रीत कारण म्हणून लिहू नये, असे स्पष्ट सांगितलेले आहे. तरीही हे शब्द देशभरातील फॉर्मांवर सर्रास दिसतात.

लोकसंख्याशास्त्रज्ञांनी अशा नोंदींना एक बोचरे नाव दिले आहे, ‘कचरा संकेतांक’. एकोणीसशे नव्वदच्या दशकात जागतिक रोगभाराच्या अभ्यासावर काम करताना ख्रिस्तोफर मरे आणि अ‍ॅलन लोपेझ यांनी ते रूढ केले. हृदय बंद पडणे, श्वसनक्रिया निकामी होणे, बहुअवयव निकामी होणे, मूळ न सांगितलेला सेप्सिस, कोणत्या अवयवाचा ते न सांगितलेला कर्करोग आणि ‘वार्धक्य’ ही त्यांतील ठळक उदाहरणे. वार्धक्यासाठी वर्गीकरणात आर ५४ असा स्वतंत्र संकेतांक आहे, पण तो रोगांच्या प्रकरणात नसून लक्षणे आणि अस्पष्ट अवस्थांच्या प्रकरणात आहे. आजोबा म्हातारपणाने गेले, असे घरच्यांनी म्हणावे. डॉक्टरने ते फॉर्मवर लिहिले, की सत्तरीपलीकडील माणसे कशाने मरतात, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. गोव्यासारख्या, वृद्धांचे प्रमाण देशाच्या सरासरीहून अधिक असलेल्या राज्यात हा प्रश्न किरकोळ नाही.

रोगांची यादी करून मृत्यू मोजण्याचा प्रपंच तसा जुना आहे. लंडनमधील साप्ताहिक मृत्युपत्रकांवरून जॉन ग्राँट यांनी १६६२ मध्ये पहिले विश्लेषण केले, तेव्हा घरोघर जाऊन प्रेत पाहण्याचे आणि कारण ठरवण्याचे काम गरीब वृद्ध स्त्रिया करीत, आणि त्यांच्या निदानावरचा अविश्वास ग्राँट यांनीच लिहून ठेवला आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात विल्यम फार यांनी इंग्लंडमध्ये, तर झाक बेर्तियाँ यांनी १८९३ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर वर्गीकरण मांडले. १९४८ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आली. मात्र वर्गीकरण कितीही सूक्ष्म झाले, तरी फॉर्मवर एकच ढोबळ शब्द असेल तर त्या सूक्ष्मतेचा उपयोग शून्य.

डॉक्टर असे का लिहितात?

दोष डॉक्टरच्या ज्ञानाचा क्वचितच असतो. मधुमेह, गँगरीन आणि सेप्सिस यांचा क्रम कोणत्याही डॉक्टरला ठाऊक असतो. अडचण बहुधा परिस्थितीची असते. मोठ्या इस्पितळात रात्री तीन वाजता रुग्ण दगावतो तेव्हा फॉर्म भरण्याचे काम त्या पाळीवरील सर्वांत कनिष्ठ डॉक्टरकडे येते. त्याने हा रुग्ण कदाचित प्रथमच पाहिलेला असतो. केसपेपर जाडजूड, नातेवाईक दाराशी, पुढचा रुग्ण खाटेवर. हा फॉर्म कसा भरायचा, हे वैद्यकीय शिक्षणात शिकवले जाते, पण ते एखाद्या तासिकेत, परीक्षेपुरते. प्रत्यक्षात नवा डॉक्टर हे काम आधीच्या डॉक्टरकडून उचलतो, आणि आधीच्याने ‘अरेस्ट’ लिहिले असेल तर तोही तेच लिहितो.

घरी झालेल्या मृत्यूंत अडचण वेगळी असते. गावातील डॉक्टरला पहाटे बोलावणे येते. गेलेला माणूस त्याचा नेहमीचा रुग्ण असेल तर ठीक. अनेकदा तो दुसऱ्या कोणा तज्ज्ञाकडे, पणजीत, मडगावात किंवा बेळगावात उपचार घेत असतो, आणि कागदपत्रे कपाटात, कपाटाची किल्ली मुलाकडे, मुलगा आखातात किंवा बोटीवर. अंत्यविधीसाठी दाखला हवा असतो. डॉक्टर नाडी पाहतो, डोळे पाहतो, मृत्यू झाल्याची खात्री करतो आणि कारणाच्या ओळीवर जे सर्वांत कमी वादाचे ते लिहितो. वादाची भीती खोटीही नसते. आत्महत्येचा संशय लिहिला तर पोलीस येणार. एचआयव्ही किंवा क्षयरोग लिहिला तर घरची मंडळी दुखावणार. मद्यपानामुळे यकृत निकामी झाले, असे लिहिले तर विम्याचे काय, हा प्रश्न उभा राहणार. कारण दाखल्यावर येत नाही, हे कलम १७ चे संरक्षण लोकांना आणि काही डॉक्टरांनाही माहीत नसते, ही यातली खेदाची बाब.

मृत्यूच्या खबरीचा जो फॉर्म निबंधकाकडे भरला जातो, त्यात मृत व्यक्ती धूम्रपान करीत होती का, तंबाखू किंवा सुपारी खात होती का, मद्य घेत होती का, आणि घेत असल्यास किती वर्षे, हेही विचारलेले असते. शोकाकुल घरात या प्रश्नांना मिळणारी उत्तरे किती विश्वसनीय असतील, हे वेगळे सांगायला नको.

चुकीच्या कारणाची किंमत

या नोंदींवरून कोणा एकाचे नुकसान झालेले दिसत नाही, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. नुकसान होते ते पुढच्या रुग्णाचे. सत्तरीतील पाळी गावाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. २०१५ मध्ये तेथे क्यासनूर वनज्वराचा, म्हणजे लोकभाषेतील माकडतापाचा, उद्रेक झाला. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिवमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेलेला हा रोग गोचिडीमार्फत पसरतो. काजूच्या हंगामात रानात जाणाऱ्यांना त्याची बाधा होते. एखाद्या खेड्यात चार माणसे ‘तापाने’ गेली, एवढीच नोंद झाली तर मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस, डेंग्यू आणि माकडताप हे सारे एकाच शब्दाखाली गडप होतात. फॉर्मवर ‘तीव्र ज्वर, रक्तस्राव, सहा दिवस, काजू बागेत काम’ एवढे जरी आले, तरी आरोग्य खात्यातील एखाद्या चाणाक्ष अधिकाऱ्याचे लक्ष त्याकडे जाऊ शकते.

अपघाती मृत्यूंचीही अशीच गत होते. शवचिकित्सेच्या अहवालात ‘डोक्याला गंभीर मार’ असे येते आणि तेच मृत्युकारण म्हणून पुढे जाते. न्यायालयाला ते पुरते. आकडेवारीला पुरत नाही. व्याख्येनुसार मूळ कारण म्हणजे इजा ज्या परिस्थितीत झाली ती. दुचाकीस्वार होता की पादचारी, धडक ट्रकची की स्वतः घसरून पडला, छपरावरून पडला की माडावरून, समुद्रात बुडाला की चिरेखाणीच्या पाण्यात, हे लिहिल्याशिवाय रस्त्याचा उतार बदलायचा, जीवरक्षक वाढवायचे की सोडून दिलेल्या खाणींना कुंपण घालायचे, हे ठरत नाही. शिवाय विषबाधेच्या प्रकरणांत व्हिसेराचा अहवाल येईपर्यंत महिने जातात. तोवर नोंदीत ‘कारण राखीव’ असते, आणि अहवाल आल्यावर तो निबंधकाच्या नोंदीपर्यंत परत पोहोचवण्याची तसदी फारशी कोणी घेत नाही.

जेथे डॉक्टरच नव्हता

ज्या तीन चतुर्थांश मृत्यूंचे वैद्यकीय प्रमाणन होत नाही, त्यांचे कारण शोधण्याची एक पद्धत भारतात फार पूर्वीपासून वापरात आहे. प्रशिक्षित सर्वेक्षक मृत व्यक्तीच्या घरी जातो आणि शेवटच्या आजाराची हकीकत विचारतो. ताप किती दिवस होता, खोकल्यातून रक्त पडले का, छातीत दुखले का, पाय सुजले होते का. या हकीकतीवरून डॉक्टर कारण ठरवतात. तिला ‘मौखिक शवचिकित्सा’ म्हणतात.

महानिबंधकांच्या नमुना नोंदणी पद्धतीच्या आधारे डॉ. प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी या शतकाच्या आरंभी हाती घेतलेला ‘दशलक्ष मृत्यूंचा अभ्यास’ हा या पद्धतीचा जगातील सर्वांत मोठ्या प्रयोगांपैकी एक. प्रत्येक हकीकत दोन डॉक्टरांनी एकमेकांच्या अपरोक्ष वाचायची, मतभेद राहिला तर तिसऱ्या ज्येष्ठ डॉक्टरने निर्णय द्यायचा, अशी त्यात व्यवस्था होती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार २००५ या एका वर्षात देशात सर्पदंशाने सुमारे ४६ हजार माणसे दगावली होती. इस्पितळांच्या नोंदींतून दिसणाऱ्या संख्येच्या तो कित्येक पट होता, कारण साप चावलेली बहुसंख्य माणसे इस्पितळाची पायरी न चढताच मरत होती. सर्पदंशाकडे देशाचे धोरण म्हणून पाहिले जाऊ लागले, त्यामागे या आकड्याचा मोठा वाटा आहे.

गोव्याशी थेट जोडलेले उदाहरण आत्महत्यांचे. पर्वरीच्या ‘संगाथ’ या संस्थेचे एक संस्थापक, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांनी याच अभ्यासातील माहितीच्या आधारे सहकाऱ्यांसह २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लेख प्रसिद्ध केला. २०१० मधील आत्महत्यांचा त्यांचा अंदाज होता सुमारे १ लाख ८७ हजार; पोलिसी नोंदींवर आधारित राष्ट्रीय आकडा होता सुमारे १ लाख ३५ हजार. आत्महत्येचा प्रयत्न तेव्हा भारतीय दंड संहितेखाली गुन्हा होता. घरच्यांनी पोलिसांना सांगितलेले कारण आणि वर्षभराने घरी आलेल्या सर्वेक्षकाला सांगितलेले कारण यांत फरक पडला, तर त्यात नवल नाही.

ही पद्धत सर्वगुणसंपन्न मात्र नाही. सर्पदंश, बुडणे, बाळंतपणातील मृत्यू यांची हकीकत स्पष्ट असते. तापाची नसते. २०१० मध्ये याच अभ्यासाने सत्तर वर्षांखालील मलेरियाच्या मृत्यूंची संख्या वर्षाला सुमारे २ लाख ५ हजार असल्याचे म्हटले, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेचा भारताविषयीचा अंदाज १५ हजारांच्या आसपास होता. संघटनेने आक्षेप घेतला, की केवळ तोंडी हकीकतीवरून मलेरिया इतर तापांपासून वेगळा काढता येत नाही. खरा आकडा या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असावा, पण दोहोंतील अंतरच आपल्या अज्ञानाचे माप दाखवते. अनेक आजार एकत्र नांदणाऱ्या वृद्धांच्या बाबतीतही मौखिक शवचिकित्सा डळमळीत ठरते. ती प्रमाणनाची जागा घेऊ शकत नाही. प्रमाणन पोहोचेपर्यंतचा तो आधार आहे.

कोविडने शिकवलेला धडा

फॉर्मच्या ओळींचे महत्त्व देशाला एरवी कळले नसते, ते कोविडच्या साथीत कळले. मधुमेही रुग्ण कोविडने दगावला तर मूळ कारण कोणते? काही ठिकाणी सुरुवातीला अशा मृत्यूंची नोंद जुन्या आजाराच्या नावे झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढून स्पष्ट केले, की कोविडने साखळी सुरू झाली असेल तर तेच मूळ कारण. मधुमेह, दमा, रक्तदाब हे दुसऱ्या हिश्श्यात. हा नियम नवा नव्हता. तो सत्तर वर्षे फॉर्मवर होताच.

३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा आणि दाखले सुलभ करण्याचा आदेश दिला. त्यानंतर चाचणीपासून तीस दिवसांच्या आत झालेला मृत्यू कोविडचा धरावा, असे ठरले आणि कुटुंबांना ५० हजार रुपयांचे साहाय्य जाहीर झाले. मग ज्यांच्या कागदावर ‘न्यूमोनिया’ किंवा ‘श्वसन निकामी’ एवढेच होते, त्यांना जिल्हा समित्यांपुढे जुने अहवाल घेऊन उभे राहावे लागले. कारणाची ओळ प्रथमच घरच्या पैशांशी जोडली गेली.

आकड्यांतही तफावत उघडी पडली. आरोग्य मंत्रालयाच्या दैनंदिन मोजणीनुसार २०२१ मध्ये कोविडचे मृत्यू सुमारे ३ लाख ३२ हजार होते. मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या महानिबंधकांच्या अहवालात त्याच वर्षीचे वैद्यकीय प्रमाणित कोविड मृत्यू सुमारे ४ लाख १३ हजार निघाले, आणि हे प्रमाणन जेमतेम एक चतुर्थांश मृत्यूंचे. उरलेल्या तीन चतुर्थांशांत किती होते, याचे उत्तर कागदोपत्री नाही. नोंदलेल्या एकूण मृत्यूंची संख्या २०२० पेक्षा सुमारे २१ लाखांनी वाढली, त्यात नोंदणी सुधारण्याचाही काही भाग असेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये दोन वर्षांतील अतिरिक्त मृत्यूंचा ४७ लाखांचा अंदाज दिला आणि केंद्र सरकारने तो पद्धतीवर आक्षेप घेऊन फेटाळला. प्रत्येक मृत्यूमागे नीट भरलेला फॉर्म असता, तर हा वाद गणिती प्रतिमानांचा न राहता कागद मोजण्याचा झाला असता.

काय बदलले, काय बदलावे लागेल

१ ऑक्टोबर २०२३ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने कायदा बराच कडक केला. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक वैद्यकीय संस्थेने तेथे झालेल्या मृत्यूचे कारण प्रमाणित करून निबंधकाकडे देणे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकास देणे आता बंधनकारक आहे, तेही विनाशुल्क. घरी झालेल्या मृत्यूत अलीकडच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरवर ही जबाबदारी आहे. नकार देणाऱ्यास पूर्वी ५० रुपयांपर्यंत दंड होता; तोही वाढवण्यात आला. देशाच्या २३ टक्क्यांवर याचा परिणाम व्हावा. गोव्याला त्यातून मिळण्यासारखे थोडे आहे, कारण गोव्यात प्रमाणन आधीच होते. येथे हवी आहे ती लिहिण्याची गुणवत्ता.

त्यासाठीचे उपाय खर्चिक नाहीत, हे विशेष. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे फॉर्म परत विचारणे. ‘अरेस्ट’ किंवा ‘वार्धक्य’ एवढेच लिहिलेला कागद आला, की सांख्यिकी विभागाने संबंधित डॉक्टरला आठवडाभरात विचारावे, कशामुळे? काही देशांत ही रीत रुळलेली आहे. डॉक्टरला दोनदा असे पत्र आले, की तिसऱ्यांदा तो आपणहून ‘क’ ओळ भरतो. ब्राझीलने याच्याही पुढे जाऊन अस्पष्ट कारणाच्या मृत्यूंची आरोग्य कर्मचाऱ्यांमार्फत घरी आणि इस्पितळात चौकशी सुरू केली. १९९० च्या सुमारास तेथे अठरा टक्क्यांच्या आसपास असलेले अस्पष्ट कारणांचे प्रमाण दोन दशकांत दहाच्या खाली आले. भारतापेक्षा तो देश श्रीमंत असला, तरी दुर्गम भाग आणि गरिबी तेथेही आहेच.

दुसरा उपाय प्रशिक्षणाचा, पण तो व्याख्यानाने साधत नाही. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात दर महिन्याला झालेल्या मृत्यूंचे फॉर्म वरिष्ठांनी पुन्हा वाचून पाहिले आणि चुकलेले परत केले, तर राज्यातील इस्पितळी मृत्यूंचा मोठा भाग एकाच छताखाली सुधारेल. तेथे शिकून बाहेर पडणारे डॉक्टर ती सवय गावोगावी नेतील. छोट्या राज्याचा हा फायदा मोठ्या राज्याला मिळत नाही. संकेतांक देणारे प्रशिक्षित कर्मचारी हा आणखी एक दुवा. वर्गीकरणातील निवडीचे नियम किचकट आहेत आणि बदलीवर आलेल्या कारकुनाला ते दोन दिवसांत समजणारे नाहीत. बेंगळुरूच्या राष्ट्रीय रोगमाहिती व संशोधन केंद्राने इस्पितळांसाठी मृत्युनोंदीची संगणकीय प्रणाली तयार केली आहे. संगणक रिकामी ‘क’ ओळ दाखवून देऊ शकतो, मात्र ती कशाने भरायची हे डॉक्टरलाच ठरवावे लागते. विलंबाचा प्रश्न तर उरतोच. २०२१ चा अहवाल २०२५ मध्ये हाती येत असेल, तर त्यावरून पुढच्या पावसाळ्याची तयारी होऊ शकत नाही.

कुटुंबाच्या बाजूने करण्यासारख्या गोष्टी थोड्या, पण परिणामकारक आहेत. घरी मृत्यू झाल्यास डॉक्टर येण्यापूर्वी इस्पितळाचे डिस्चार्ज कार्ड, शेवटचे रक्ताचे अहवाल आणि चालू औषधांची चिठ्ठी समोर ठेवावी. आजार कधी सुरू झाला, हे सांगावे; फॉर्मवर प्रत्येक ओळीसमोर त्याच कालावधीसाठी जागा असते. लपवावेसे वाटणारे आजारही सांगावेत, दाखल्यावर ते येणार नाहीत. इस्पितळात मृत्यू झाल्यास कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत मागणे हा २०२३ पासूनचा हक्क आहे. त्या प्रतीवर चूक आढळली, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरचे लेखी स्पष्टीकरण घेऊन निबंधकाकडे जाता येते. नोंदणीतील चुकीची नोंद दुरुस्त करण्याची तरतूद अधिनियमाच्या कलम १५ मध्ये आहे. मृत्यूची खबर २१ दिवसांत द्यायची असते. त्यानंतर तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षापर्यंत विहित अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि त्यापुढे दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. आणि जितका उशीर होतो, तितके शेवटच्या आजाराचे तपशील सांगू शकणारे डॉक्टर आणि कागद हाती लागणे अवघड होत जाते.